साय वेगळी करणारा माणूस

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा जेवण आटोपताच दादाने माझ्यापुढे तीन छापील माहितीपत्रके ठेवली आणि त्यांतून क्रीम सेपरेटर निवडून देण्याचे काम माझ्यावर सोपविले. घरात पदार्थविज्ञान शिकणारा मी एकटाच. तेव्हा यंत्र म्हटले की ते मला कळलेच पाहिजे, असा घरच्यांचा समज. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत मी सेपरेटर डोळ्यांनी पाहिलादेखील नव्हता.

आमचे गाव खानापूर तालुक्यात. घरी सहा म्हशी आणि दोन गायी. दुभत्या जनावरांचे दोन्ही वेळचे मिळून पन्नास-पंचावन्न लिटर दूध निघते. निम्मे रतिबाला जाते. उरलेले आजी आणि वहिनी विरजून घुसळतात, आणि त्याचे तूप बेळगावच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे पोचते. आता आजीच्याने रवीची दोरी ओढवत नाही, आणि वहिनीचा खांदा घुसळून घुसळून धरला आहे. यंत्र आणावयाचे हे सर्वांना मान्य होते. वाद होता तो किती मोठे आणावयाचे याचा. दादाच्या मनात ताशी पाचशे लिटर दूध ओढणारे मोटारीचे यंत्र भरले होते. कर्ज काढून ते घ्यावे, शेजारच्या चार गावांचे दूध गोळा करावे, असा त्याचा विचार. काकांना कर्ज या शब्दाचीच भीती. ताशी साठ लिटरचे, हाताने फिरविण्याचे यंत्र पुष्कळ झाले, असे त्यांचे म्हणणे. तिसरे माहितीपत्रक मधल्या यंत्राचे होते: ताशी दीडशे लिटर, मोटारीवर चालणारे, पण दांडा लावून हातानेही फिरविता येणारे. या प्रश्नावरून दोघांत दोन दिवस नीट बोलणे नव्हते, आणि निकाल मी द्यावा अशी दोघांचीही अपेक्षा होती.

सुट्टी संपताच मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन दुग्धव्यवसायावरील एक जुने पुस्तक काढले. सेपरेटरच्या प्रकरणात आरंभीच एक नाव आले: गुस्ताफ द लावाल. नाव ओळखीचे वाटले, म्हणून आमच्या उष्मागतिकीच्या क्रमिक पुस्तकात पाहिले, तर वाफेच्या नळीच्या प्रकरणात तेच नाव. दुधावरची साय काढणारा आणि वाफेला ध्वनीपेक्षा अधिक वेग देणारा माणूस एकच असेल, हे मला आधी खरे वाटेना. पुढे महिनाभर मिळेल तेथून मी या माणसाची माहिती वाचीत गेलो. सेपरेटरची निवड अखेर झाली, पण ती या चरित्राच्या वाटेने झाली. म्हणून ते येथे सांगतो.

कार्ल गुस्ताफ पॅट्रिक द लावाल याचा जन्म ९ मे १८४५ रोजी स्वीडनमधील डालार्ना प्रांतात ओर्सा या गावी झाला. आडनाव फ्रेंच आहे, कारण घराण्याचे मूळ फ्रान्सचे. सतराव्या शतकात त्याचे पूर्वज स्वीडनमध्ये येऊन स्थायिक झाले होते. डालार्ना म्हणजे जंगलांचा, खाणींचा आणि लहान शेतकऱ्यांचा मुलूख. मुलगा हुशार निघाला. १८६३ मध्ये तो स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला आणि १८६६ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. फालूनच्या प्रसिद्ध तांब्याच्या खाणी चालविणाऱ्या स्तूरा कोपरबेरी या जुन्या कंपनीत त्याने काही काळ नोकरी केली. परंतु तेवढ्यावर त्याचे समाधान होईना. तो पुन्हा विद्यार्थी झाला, उप्साला विद्यापीठात गेला आणि १८७२ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आला. हातात यंत्र आणि डोक्यात रसायन असा हा दुहेरी शिकलेला तरुण पुढे डालार्नामधीलच क्लोस्टर येथील लोखंडाच्या कारखान्यात अभियंता म्हणून काम करू लागला.

लोखंडाच्या कारखान्यातील माणूस दुधाकडे वळला कसा, हे समजण्यासाठी त्या वेळी युरोपात साय कशी काढीत ते पाहिले पाहिजे. आपण साय म्हणतो ती बहुधा तापविलेल्या दुधावरची. आमच्या गावात अर्धे लोक तिला साय म्हणतात, अर्धे केने म्हणतात. माहितीपत्रकांत मात्र सगळीकडे क्रीम. हे क्रीम कच्च्या दुधावर आपोआप येते. दुधातील स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात पसरलेला असतो, आणि हे गोळे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट एवढेच असतात. पाण्यापेक्षा ते हलके, म्हणून वर येऊ पाहतात. परंतु इतक्या लहान गोळ्याला दुधातून वाट काढीत वर येण्यास फार वेळ लागतो. त्या काळी दूध उथळ भांड्यांत ओतून, किंवा खोल डब्यांत भरून ते बर्फाच्या पाण्यात बुडवून, बारा तास, चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक वेळ तसेच ठेवीत. तोवर हवा बदलली की दूध आंबे. शिवाय खाली राहिलेल्या दुधात अर्धा टक्का, कधी त्याहून जास्त स्निग्धांश तसाच राहून जाई. स्वीडन आणि डेन्मार्क यांचे लोणी इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागले होते. त्यामुळे हा वाया जाणारा अर्धा टक्का म्हणजे मोठाच तोटा होता.

१८७७ मध्ये लावालच्या पाहण्यात एका जर्मन नियतकालिकातील लेख आला. विल्हेल्म लेफेल्ट नावाच्या जर्मन अभियंत्याने दूध गरगर फिरवून साय काढण्याचे यंत्र केले होते, त्याची ती माहिती होती. गोफणीतला दगड फिरविला की बाहेर ओढ घेतो. तसेच दूध फिरविले की जड भाग बाहेरच्या बाजूला जातो आणि हलकी साय मध्यभागी जमते. तत्त्व बरोबर होते. अडचण अशी होती की लेफेल्टचे यंत्र भरावे लागे, फिरवावे लागे, मग थांबवावे लागे, आणि साय काढून घेऊन पुन्हा भरावे लागे. वेळ वाचविण्यासाठी केलेल्या यंत्राचा निम्मा वेळ थांबण्यातच जात होता.

लावालने येथे एकच प्रश्न विचारला: थांबायचे कशाला? एका बाजूने दूध सतत आत पडत राहावे, आणि साय व दूध आपापल्या वाटेने सतत बाहेर पडत राहावे, अशी रचना त्याने केली. फिरणाऱ्या भांड्याच्या कडेला गेलेले निवळ दूध एका मार्गाने वर येऊन बाहेर पडते, मध्याजवळची साय दुसऱ्या लहान छिद्रातून बाहेर पडते. आत येणाऱ्या दुधाचा रेटाच दोघांना पुढे ढकलतो. १८७८ मध्ये त्याने या यंत्राचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या या यंत्रातून तासाला सुमारे १३० लिटर दूध निघे.

या ठिकाणी मी वहीत एक लहानसे गणित करून पाहिले, ते विज्ञान शाखेच्या वाचकांसाठी देतो. भांडे मिनिटाला ६,००० फेरे घेते असे धरू, म्हणजे सेकंदाला १००. कोनीय वेग झाला सेकंदाला सुमारे ६२८ रेडियन. मध्यापासून ५ सेंटिमीटर अंतरावर दुधाच्या थेंबाला जो ओढा जाणवतो, तो या वेगाचा वर्ग गुणिले ०.०५ मीटर, म्हणजे जवळजवळ १९,७०० येतो. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण ९.८. भागून पाहा: सुमारे २,००० पट! पृथ्वी जे काम संथपणे करीत होती, तेच काम दोन हजार पट जोराने करून घेण्याची ही युक्ती होती. म्हणूनच चोवीस तासांची साय काही सेकंदांत निघू लागली, आणि खाली राहणारा स्निग्धांश अर्ध्या टक्क्यावरून एक दशांश टक्क्याच्या आसपास आला.

कल्पना सुचणे वेगळे आणि ती बाजारात उभी करणे वेगळे. लावालजवळ पैसा नव्हता. ऑस्कर लाम या भागीदाराने भांडवल आणि व्यवहार सांभाळला. १८७८ मध्ये दोघांनी व्यवसाय सुरू केला, आणि १८८३ मध्ये त्याचे रूपांतर सेपरेटर याच नावाच्या कंपनीत झाले. त्याच वर्षी अमेरिकेतही कंपनी निघाली. १८८० च्या दशकातच हाताने फिरविण्याची लहान यंत्रे आली, आणि मोठ्या दूधगृहातले यंत्र शेतकऱ्याच्या ओसरीवर पोचले.

या यंत्राचा एक परिणाम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीत साय धरण्यासाठी थंड जागा, पुष्कळ भांडी आणि शांतपणा लागे. ते सारे मोठ्या वाड्यांना परवडे. चार गायींच्या शेतकऱ्याचे लोणी त्यामुळे नेहमी हलके ठरे. सेपरेटर आल्यावर अनेक घरांचे दूध एकत्र करून लगेच साय काढणे शक्य झाले, आणि निवळ दूध ताजे असतानाच वासरांसाठी, डुकरांसाठी शेतकऱ्याला परत मिळू लागले. डेन्मार्कमध्ये १८८२ साली येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी आपली पहिली सहकारी डेअरी काढली, आणि पुढे थोड्याच वर्षांत त्या देशभर अशा डेअऱ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे १९४६ मध्ये आणंदला जी सहकारी चळवळ सुरू झाली, तिच्या मागची परिस्थिती आणि माणसे निराळी होती. परंतु लहान दूधवाल्यांनी एकत्र येऊन यंत्राचा लाभ घ्यावा, हा विचार तोच. दादाला जे करावयाचे होते तेही याहून फार वेगळे नव्हते, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

लावाल मात्र तोवर दुधाच्या पुढे गेला होता. सेपरेटरला मिनिटाला हजारो फेरे लागत. त्या काळची वाफेची इंजिने संथ; त्यांच्यावरून पट्टे आणि चाके लावून एवढा वेग मिळवावा लागे. त्याला वाटले, वाफेच्या झोतानेच सरळ चाक फिरविले तर? १८८३ च्या सुमारास त्याने वाफ बाहेर फेकून स्वतः फिरणारे लहान चाक करून पाहिले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची खरी टर्बाइन तयार झाली. तिच्यात त्याला तीन अडचणी सोडवाव्या लागल्या, आणि तिन्ही उत्तरे आजही यंत्रशास्त्रात शिकविली जातात.

पहिली अडचण वाफेच्या वेगाची. नळी पुढे निमुळती होत गेली की वाफेचा वेग वाढतो, परंतु ध्वनीच्या वेगापाशी येऊन तो अडतो. लावालने नळी आधी निमुळती केली आणि मग पुन्हा रुंद केली. सामान्य अनुभव असा की वाट रुंद झाली की प्रवाह मंदावतो. येथे उलट घडते: कंठापाशी ध्वनीच्या वेगाला पोचलेली वाफ पुढच्या रुंद भागात प्रसरण पावून त्याहूनही वेगाने धावते. दुसरी अडचण आसाची. त्याच्या लहान टर्बाइनचे चाक मिनिटाला ३०,००० फेरे घेई. चाक कितीही नेटके केले तरी त्याचा गुरुत्वमध्य नेमका आसावर येत नाही, आणि अशा वेगात जाड, ताठ आस थरथरून यंत्र मोडते. एका ठराविक वेगापलीकडे आस फिरविताच येणार नाही, असे रँकिनसारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. लावालने आस जाड करण्याऐवजी बारीक आणि लवचीक केली. ठराविक वेग ओलांडताच ती किंचित वाकते, चाक आपला मध्य आपणच शोधते आणि स्थिर फिरू लागते. तिसरी अडचण म्हणजे एवढा वेग कामापुरता उतरविणे. त्यासाठी तिरकस दात्यांची अत्यंत बारकाईने घडविलेली चाके त्याने वापरली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ही टर्बाइन लोकांनी पाहिली.

मोठ्या वीजकेंद्रांच्या कामात पुढे पार्सन्स आणि इतरांच्या टर्बाइन अधिक सोयीच्या ठरल्या. परंतु लावालची नळी मागे पडली नाही. अग्निबाणाच्या इंजिनातून तप्त वायू बाहेर पडतो तो याच आकाराच्या नळीतून. अमेरिकेत गॉडर्डने आपल्या अग्निबाणांत तिचा उपयोग केला, आणि श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या आपल्या अग्निबाणांच्या शेपटाशी जी घंटेसारखी रुंद होत जाणारी नळी दिसते, तिचे मूळही तेथेच आहे. साय काढण्याचे यंत्र जोरात फिरावे म्हणून केलेला खटाटोप माणसाला आकाशात घेऊन गेला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

इकडे सेपरेटर कंपनीचे काय झाले, तेही पाहू. १८८७ मध्ये यॉन बर्नस्ट्रॉम हा तिचा व्यवस्थापक झाला आणि १९१५ पर्यंत त्याने ती सांभाळली. हा माणूस शोधक नव्हता, हिशेबी होता. म्युनिकच्या फॉन बेख्टोल्सहाइम याने फिरत्या भांड्यात एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या चकत्या बसविण्याची कल्पना काढली होती. तिचे पेटंट कंपनीने १८८९ मध्ये विकत घेतले. दूध या चकत्यांमधल्या अरुंद फटींतून पातळ थरांनी वाहते. स्निग्धांशाच्या गोळ्याला दूर जावे लागत नाही. केसाएवढे अंतर काटले की तो चकतीला टेकतो आणि सायीत मिळतो. तेवढ्याच भांड्यातून कितीतरी अधिक दूध निघू लागले. या चकत्यांना अल्फा हे नाव मिळाले. आजच्या प्रत्येक सेपरेटरमध्ये ज्या चकत्या असतात, त्या लावालच्या नव्हेत हे कळल्यावर मला थोडा धक्काच बसला. सतत वाहण्याची कल्पना एकाची, चकत्यांची दुसऱ्याची, आणि दोन्ही एकत्र आणून टिकविण्याचे काम तिसऱ्याचे.

लावालचा स्वभाव थांबण्याचा नव्हता. दुधातील स्निग्धांश मोजण्याचे उपकरण, गायी पिळण्याचे यंत्र, विजेच्या भट्टीत जस्त गाळण्याची रीत, असे एकामागून एक विषय तो हाती घेत गेला. १८८६ मध्ये तो स्वीडनच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला, आणि पुढे काही वर्षे संसदेतही बसला. त्याच्या नावावर स्वीडनमध्ये ९२ पेटंटे नोंदली गेली आणि त्याने ३७ कंपन्या काढल्या. सेपरेटरने मिळवून दिलेला पैसा तो पुढच्या प्रयोगात ओती; तो प्रयोग फळाला येण्याआधीच त्याच्या मनात तिसरा घोळू लागे. गायी पिळण्याच्या यंत्राचे उदाहरण बोलके आहे. त्याने त्यावर वर्षानुवर्षे खटपट केली, पण ते बाजारात नीट उभे राहिले ते त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्याच जुन्या कंपनीच्या हातून. २ फेब्रुवारी १९१३ रोजी स्टॉकहोम येथे त्याचे निधन झाले. ज्याच्या यंत्राने जगभरच्या दुधावरची साय काढली, त्याच्या स्वतःच्या वाट्याला अखेर निवळ दूधही राहिले नव्हते. तो जवळजवळ निष्कांचन होऊन गेला.

त्याची कंपनी मात्र वाढत राहिली. १९६३ मध्ये तिने त्या चकत्यांचे आणि आपल्या संस्थापकाचे नाव जोडून अल्फा-लावाल हे नाव घेतले. पुण्याजवळ दापोडीला तिचा कारखाना उभा राहिला, तेव्हा हे नाव मराठी कामगारांच्या तोंडीही बसले. आज तेच तंत्र तेल शुद्ध करण्यास, जहाजांचे इंधन निवळण्यास, औषधांच्या कारखान्यांत, सर्वत्र वापरले जाते.

एवढे वाचून झाल्यावर मी घरी गेलो आणि माझ्यापुढचा प्रश्न मला पहिल्यापेक्षा सोपाही वाटला आणि अवघडही. सोपा यासाठी, की हिशेब समोर होता. आमच्याकडे साय काढण्यासाठी एका वेळेला तेरा-चौदा लिटर दूध असते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि रतीब अडला, की पंचवीस-सत्तावीस. पाचशे लिटरच्या यंत्राला वेगात यायलाच दोन-तीन मिनिटे लागतात आणि आमचे दूध त्यात दोन मिनिटेही पुरत नाही. दूध, साय आणि वेग यांचा मेळ बसण्याआधीच भांडे रिकामे होणार, आणि मग मोठ्या चकत्यांचा ढीग वहिनीने रोज दोनदा धुवावयाचा. साठ लिटरच्या यंत्रावर एरवी पाव तास, आणि पावसाळ्यात अर्धा तास दांडा फिरवावा लागेल. म्हणजे ज्या खांद्यासाठी यंत्र आणावयाचे, तोच पुन्हा कामाला जुंपावयाचा. दीडशे लिटरच्या यंत्रावर पाच-दहा मिनिटांत काम उरकते, शेजारच्या दोन घरांचे दूध आले तरी चालते, आणि वीज गेली तर हात आहेतच. लावालचे पहिले यंत्रदेखील ताशी १३० लिटरचेच होते, हे मी दादाला मुद्दाम सांगितले. त्याला ते पटले, कारण त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही उरले नाही.

अवघड भाग निराळा होता. लावालच्या आयुष्यातून मला काकांची बाजू खरी करून दाखविता आली असती: बघा, पुढे पुढे धावणारा माणूस कसा बुडाला. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. तो बर्नस्ट्रॉमसारखा हिशेबी असता, तर सेपरेटरवर खूश राहून सुखाने मेला असता आणि ती नळी कदाचित दुसऱ्या कोणाच्या नावाने, उशिरा जगाला मिळाली असती. दादाच्या डोक्यातील डेअरी हीही तशीच एक धाव आहे. तिला मोडता घालणारा मी कोण? मी एवढेच म्हणालो की त्याने डेअरीची कल्पना सोडू नये, पण यंत्र मात्र आज असलेल्या दुधाच्या मापाने घ्यावे. दूध वाढले की मोठे यंत्र घेता येईल. दुधाविना मोठे यंत्र घेतले, तर कर्जाचे हप्ते तेवढे फिरत राहतील. काकांनी मान हलविली आणि दादाशी तीन आठवड्यांनी नीट बोलले.

यंत्र आले त्या दिवशी माझे ज्ञान पुरते उघडे पडले. डिसेंबरची थंडी होती. दूध काढून तासभर चरवीत तसेच राहिले होते. तेच आम्ही ओतले. साय दाट होऊन छिद्राशी अडू लागली आणि निवळ दुधाची चव घेताच आजीने ते निवळ नसल्याचे जाहीर केले. मी एका बाटलीत ते कॉलेजला नेले आणि सरांच्या मदतीने गर्बरच्या पद्धतीने तपासले: ०.६ टक्के स्निग्धांश! म्हणजे एवढे यंत्र आणून आम्ही स्वीडनच्या जुन्या बर्फाच्या डब्यांपाशीच येऊन थांबलो होतो. गार दूध घट्ट असते, त्यातून गोळे सुटत नाहीत. दूध धारोष्ण, ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान हवे, हे पुस्तकात होते आणि मी वाचलेही होते. दुसऱ्या दिवशी धार काढताच दूध ओतले, आणि पुढच्या तपासणीत आकडा ०.१ वर आला. चकत्यांवर क्रमांक असतात आणि त्या त्याच क्रमाने बसवाव्या लागतात, नाहीतर भांडे थरथरते. वहिनी धुताना त्या एका तारेत ओवून ठेवते, त्यामुळे क्रम कधी चुकत नाही.

आजीची तक्रार मात्र यंत्राच्या पलीकडची होती. गोड सायीच्या तुपाला वास नाही, असे तिचे म्हणणे. आणि ते खरे होते. आपल्या तुपाचा वास विरजणातून येतो, आणि तेवढे लावालच्या यंत्राला येत नाही. आता निघालेल्या सायीत आजी चमचाभर विरजण घालून ती रात्रभर ठेवते आणि सकाळी घुसळते. तीस लिटर दूध घुसळण्याऐवजी चार लिटर साय घुसळावी लागते, तेवढ्याला तिची जुनी लहान रवी पुरते. निवळ दुधाचे दही लावले की पातळ का होईना, ताकही मिळते. उरलेले वासरांना जाते.

संध्याकाळी धारा झाल्या की यंत्राचा आवाज हळूहळू चढत जातो आणि एका सुराला येऊन स्थिर होतो. तो सूर आला की वहिनी वरची तोटी उघडते. दादा बाजूला उभा राहून दोन्ही धारांकडे पाहत असतो. त्याच्या खिशात एक वही आहे, आणि तिच्यात गावातील कोणाच्या गोठ्यात किती दूध निघते, त्याची यादी आहे. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा तिच्यात अकरा घरे होती.